डाव्या बाजूचं झाकण

मेकॅनिकल डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला मेंटेनन्स शिकवायचं म्हणजे जेवणानंतरच्या तासाला पोरांची झोपमोड करायची. ब्रेकडाऊन, प्रिव्हेंटिव्ह, प्रेडिक्टिव्ह असे तक्ते वहीत उतरतात आणि पेपर झाला की वही रद्दीत जाते. सांगलीजवळच्या आमच्या कॉलेजात हा विषय माझ्या गळ्यात पडला, तेव्हा मी तक्ते दोन दिवसांत उरकले आणि उरलेले तास एकाच प्रकरणावर घालवायला लागलो. विमानवाहू जहाजावरून उडणारं एक लढाऊ विमान ऐन उड्डाणात इंजिनानं दगा दिल्यामुळे समुद्रात पडलं, ते हे प्रकरण. पहिल्या दिवशी मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "सर, आमाला ट्रॅक्टरच्या गॅरेजात कोण उभं करंना, विमानाचं काय करायचं?" त्याचं उत्तर मला बरेच दिवस नीट देता येत नव्हतं. शेवटी ते एका ट्रॅक्टरनंच दिलं.

विमानाची जात मात्र आता पोरांना ओळखीची आहे. जून 2025 मध्ये तिरुवनंतपुरमला उतरलेलं ब्रिटिश एफ-35बी महिनाभराहून जास्त तिथंच अडकून पडलं, केरळ पर्यटनानं त्यावर जाहिरात केली आणि ती सगळ्यांच्या मोबाइलवर फिरली. ते विमान 'एचएमएस प्रिन्स ऑफ वेल्स' या जहाजाचं. आपलं प्रकरण तिच्या थोरल्या बहिणीचं, 'एचएमएस क्वीन एलिझाबेथ'चं.

काय झालं

मे 2021 मध्ये हे जहाज पोर्ट्समथहून निघालं, जपानपर्यंत गेलं आणि वर्षाअखेरीस परत पोचलं. डेकवर एकूण 18 एफ-35बी होती. त्यांतली 8 ब्रिटिश, 617 स्क्वॉड्रनची, आणि 10 अमेरिकन मरीन कोरची. परतीच्या वाटेवर ऑक्टोबरात आपल्या सैन्यदलांबरोबर 'कोकण शक्ती' सराव झाला. त्यात आपल्या नौदलाची मिग-29के आणि ही एफ-35बी, दोन्ही होती. म्हणजे आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेलं की समोर जो समुद्र दिसतो, त्याच समुद्रात हे जहाज महिनाभरापूर्वी होतं. हे सांगितलं की वर्गात जरा हालचाल होते.

17 नोव्हेंबर 2021 ची सकाळ. जहाज भूमध्य समुद्रात होतं. रोजच्यासारखंच एक विमान उडायला निघालं. या जहाजावर विमानाला पुढं फेकणारं यंत्र नाही. डेकचं पुढचं टोक घसरगुंडी उलटी ठेवल्यासारखं वर वळवलेलं आहे. विमान स्वतःच्या ताकदीवर धावतं, त्या चढावरून हवेत झेपावतं, आणि पंखांना पुरेसा वेग मिळेपर्यंत इंजिनच त्याला उचलून धरतं. आपल्या विक्रमादित्यवर आणि नव्या विक्रांतवरही असाच चढ आहे.

त्या दिवशी विमान धावायला लागलं, पण नेहमीसारखं पळेना. पायलटला ते धावतानाच जाणवलं. त्यानं उड्डाण सोडून द्यायचा प्रयत्न केला, पण पुढं थांबण्याइतका डेक उरला नव्हता. विमान चढावर आलं ते जवळजवळ रेंगाळत, आणि टोकावरून खाली कलंडलं. पायलटनं त्याच क्षणाला सीटसकट बाहेर उडी घेतली. छत्री उघडली आणि तो पाण्यात न पडता जहाजाच्या डेकवरच, कडेला लागून उतरला. विमान जहाजाच्या नाकासमोर समुद्रात गेलं. जहाजावरच्या सीसीटीव्हीच्या पडद्यावरून कुणीतरी मोबाइलनं टिपलेली ती चित्रफीत पुढं जगभर फिरली. मी ती वर्गात तीनदा दाखवतो. पहिल्यांदा पोरं "आयला!" म्हणतात. दुसऱ्यांदा गप्प बसतात. तिसऱ्यांदा मी सांगतो, विमानाकडं बघू नका, त्याच्या वेगाकडं बघा. तेव्हा एखादा म्हणतो, "सर, हे तर टांग्यासारखं चाललंय."

साधारण 10 कोटी पौंडांचं विमान. त्यातली गुपितं दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून अमेरिका आणि इटलीच्या मदतीनं डिसेंबरात ते समुद्राच्या तळावरून वर काढलं. चौकशी अहवाल ऑगस्ट 2023 मध्ये प्रसिद्ध झाला.

तपासात काय निघालं

इंजिनाचं पातं तुटलं नव्हतं. इंधनात पाणी नव्हतं. पक्षीही आदळला नव्हता. विमानाच्या डाव्या हवामार्गात एक झाकण राहून गेलं होतं.

विमान उभं असताना धूळ, पाऊस, खारं पाणी, हातातून निसटलेला नटबोल्ट असं काही इंजिनात जाऊ नये म्हणून तोंडाला लाल रंगाची झाकणं बसवतात. उडण्याआधी काढायच्या अशा सगळ्याच वस्तू लाल असतात. लाल दिसलं की काढायचं, इतका साधा नियम. अपघाताच्या आदल्या दिवसांत डाव्या बाजूचं झाकण आत सरकलं, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि चौकशी मंडळाच्या मते ते जाऊन इंजिनाच्या कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवा दाबून आत ढकलणाऱ्या भागाच्या तोंडाशी बसलं.

इथं फळ्यावर मी आकृती काढतो, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "एवढं मोठं लाल झाकण दिसलं कसं न्हाई?" एफ-35 रडारला कमी दिसावं म्हणून घडवलेलं विमान आहे. इंजिनाची फिरती पाती रडारच्या लहरींना फार छान परावर्तित करतात, म्हणून ती समोरून दिसणारच नाहीत असा हवामार्ग वळवून नेला आहे. दोन नाकपुड्या, पुढं जाऊन एक घसा. समोर उभं राहून नाकपुडीत डोकावलं तर वळण दिसतं, घसा दिसत नाही. शत्रूच्या रडारपासून जे लपवलं, ते आपल्याच माणसाच्या बॅटरीपासूनही लपलं. एका कामासाठी केलेली युक्ती दुसऱ्या कामाच्या आड येते, याचं याहून चांगलं उदाहरण मला यंत्रशास्त्रात सापडलेलं नाही.

आता ताकदीचा हिशेब. एफ-35बी पूर्ण भरलं की 27 टनांच्या आसपास जातं. आमच्याकडे दोन ट्रॉल्या जोडल्या की 20 टन ऊस सहज भरतात, त्यावरून पोरांना अंदाज येतो. हे सगळं उचलायला इंजिन एकच, आफ्टरबर्नरसह, म्हणजे मागच्या बाजूला जादा इंधन जाळून, साधारण 18 टनांच्या घरात रेटा देणारं. आखूड उड्डाणात हे इंजिन दोन कामं करतं. मागच्या, खाली वळवलेल्या नळीतून वायू खाली फेकतं, आणि लांब शाफ्टनं पायलटच्या पाठीमागचा मोठा उभा पंखा फिरवतं. इंजिन दमलं की दोन्ही कामं एकदम दमतात. पुढचा पाय उचलला आणि मागचाही घसरला, अशातली गत.

आणि ते सुरू झालं तेव्हा कळलं का नाही? माझ्या मते खरं प्रकरण इथंच आहे. नुसतं सुरू ठेवलेलं इंजिन हवा थोडीच ओढतं. तोंडाशी काही आडवं आलं तरी तेवढी हवा बाजूनं मिळून जाते. सुरू झालं, आवाज बरा आला, काटे ठीक दिसले. रेटा म्हणजे तर मागं फेकलेली हवाच. ती पूर्ण मागायची वेळ आली तेव्हाच कमतरता उघडी पडली, आणि ती वेळ आली तेव्हा विमान चढाकडं निघालेलं होतं.

कोण चुकलं

गट करून चर्चा ठेवली की वर्गाचे दोन भाग पडतात. अर्धे म्हणतात टेक्निशियनचं निलंबन करा. अर्धे म्हणतात पायलटनं फेरी मारून बघायला पाहिजे होतं. दोन्हींत तथ्य आहे, आणि दोन्हींनी पुढचं विमान वाचत नाही. अहवालानंही एका माणसावर बोट ठेवून विषय मिटवला नाही. कामाचा ताण, अपुरी माणसं, लांबच्या दौऱ्याचा शिणवटा, झाकणाची घडण, लाल वस्तूंची ने-आण आणि साठवण, अशा बऱ्याच गोष्टी त्यात आल्या. मी पोरांना एवढंच विचारतो की पाना हरवला तर स्टोअरवाला आरडाओरडा करतो, मग झाकण हरवलं तर कोण ओरडणार होतं? वर्ग शांत होतो. पाना हे हत्यार, त्याची नोंद असते. झाकण हे झाकण. ते राखण करायला ठेवलेलं, त्याच्यावर राखण कुणाची?

दरवर्षी एक हुशार पोरगा उठून सांगतो, "दोन इंजिनं असती तर वाचलं असतं, सर." आपल्या मिग-29के ला दोन इंजिनं आहेत, म्हणून हा मुद्दा तपासण्यासारखा आहे. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगनं 2016 च्या अहवालात नोंदवलं की या विमानांच्या 65 पैकी 40 इंजिनं, म्हणजे 62 टक्के, घडणीतल्या दोषांमुळे सेवेतून काढावी लागली. आणि एकाच इंजिनावर उतरण्याच्या 10 घटना घडल्या. दुसरं इंजिन नसतं तर त्या दहांचं काय झालं असतं, हे सांगायला नको. पण उलट बाजूही आहे. 16 नोव्हेंबर 2019 ला गोव्यात दाबोळीहून उडालेल्या एका मिग-29के च्या वाटेत पक्ष्यांचा थवा आला. डावं इंजिन बंद पडलं, उजव्याला आग लागली. दोघं वैमानिक बाहेर पडून वाचले, विमान गेलं. शिवाय जहाजाच्या चढावर, भरल्या वजनानिशी, दोनांतलं एक इंजिन निम्म्या दमावर आलं तर दुसरं इंजिन विमान उचलेल का, याबद्दल मी तरी पैज लावणार नाही. आता आपलं नौदल 26 राफेल-मरीन घेतंय. त्यांनाही दोन इंजिनं आहेत, आणि झाकणं त्यांनाही लागणारच.

घडणीतून उपाय शोधायचाच तर मूळच्या मिग-29 कडं बघावं. खडबडीत धावपट्टीवरचे खडे इंजिनात जाऊ नयेत म्हणून जमिनीवर त्याच्या हवामार्गाची दारं आपोआप बंद होत आणि हवा वरच्या बाजूच्या फटींतून घेतली जाई. दार विमानाचंच, त्यामुळे विसरायचा प्रश्नच नाही. पण त्याचं वजन वाहावं लागतं, जागा जाते. पुढं मिग-29के ला त्याऐवजी जाळी आली.

ट्रॅक्टर

गेल्या गाळप हंगामातली गोष्ट. पलूसकडच्या एका गॅरेजचे मिस्त्री माझ्या ओळखीचे. त्यांच्याकडे ऊस वाहतुकीचा एक ट्रॅक्टर एअर क्लीनर साफ करायला आला. पोऱ्यानं रबरी होज काढला आणि मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीच्या तोंडात फडकं कोंबलं, कचरा आत जाऊ नये म्हणून. यात त्याची काही चूक नाही. मी असतो तर मीही कोंबलं असतं. तेवढ्यात त्याला जेवायला हाक आली. मागून दुसऱ्या पोऱ्यानं साफ केलेला क्लीनर बसवला, होज चढवला, क्लॅम्प आवळला. ट्रॅक्टर एका सेल्फला सुरू झाला. मालक खूश होऊन घेऊन गेला.

रात्री फडात दोन्ही ट्रॉल्या भरल्या. बांधावरून रस्त्यावर काढताना ट्रॅक्टरनं काळा कुळकुळीत धूर सोडला आणि मान टाकली. ट्रॉल्या मागं सरकायला लागल्या, तोडकऱ्यांनी चाकाखाली दगड घातले म्हणून निभावलं. मग दोन दिवस डिझेलवर संशय. फिल्टर बदलला, पंप उतरवला, नोझल तपासले. ट्रॅक्टर उभा करून सुरू केला की इंजिन झकास पळायचं, त्यामुळे सगळे अजूनच चक्रावले. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी होज काढून आत बोट घातलं, तर वळणावर फडकं चिकटून बसलेलं, तेलानं माखलेलं, मुठीएवढं.

मी वर्गात एफ-35 चं सगळं सांगून झाल्यावर मिस्त्रींना एका तासाला बोलावलं. ते टेबलावर फडकं ठेवून म्हणाले, "उभ्या ट्रॅक्टरवर काय कळत नसतंय बघा. लोड नसला की डिझेल कमी लागतंय, हवा पुरती. लोड लागला की कळतंय, आणि तवर तुम्ही चढावर असतासा." डिझेल इंजिन आणि जेट यांत फरक खूप आहे, तो मी नंतर पोरांना नीट समजावला. पण मिस्त्रींचं ते वाक्य ऐकताना वर्गातल्या निम्म्या माना पडद्याकडं वळल्या. तिथं विमान चढाच्या टोकाशी थांबवून ठेवलेलं होतं.

त्या तासाला आणखी एक पाहुणे होते. एका विद्यार्थ्याचे चुलते, नौदलातून निवृत्त, विराट या जुन्या विमानवाहू जहाजाच्या डेकवर काम केलेले. त्यावरचं सी हॅरियर विमानही एकाच इंजिनाचं आणि असंच चढावरून उडणारं. काका फार बोलत नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की उड्डाण सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी आडवी ओळ करायची, खांद्याला खांदा, आणि मान खाली घालून डेकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं. वॉशर, तारेचा तुकडा, पेनाचं टोपण, जे दिसेल ते उचलायचं. ऑफिसर असो की खलाशी, ओळीत सगळे. "आणि पाना कमी भरला तर उड्डाण थांबायचं. पाना सापडेपर्यंत. कुणाचाही फोन येऊ दे," ते म्हणाले. मिस्त्रींनी लगेच विचारलं, "आणि फडकं?" काका हसले. "फडकीसुद्धा मोजून द्यायचे, मोजून घ्यायचे."

मला त्या दोघांचं संभाषण अहवालापेक्षा जास्त उपयोगी वाटलं. अहवाल म्हणतो व्यवस्थापन सुधारा. मिस्त्रींना व्यवस्थापन म्हणजे काय ते माहीत नाही, पण मोजणं माहीत आहे. गावाकडं सुगीत पोती मोजून घेतात, ऊस काट्यावर मोजून देतात. मोजायची सवय आमच्या हाडात आहे. ती फक्त विकायच्या मालापुरती राहते.

आठवड्यानं गॅरेजात गेलो. भिंतीवर एक फळी ठोकलेली होती, तिला ओळीनं 24 खिळे. प्रत्येक खिळ्याला लाल कापडाचं फडकं, प्रत्येकावर रंगानं आकडा, आणि प्रत्येकाला हातभर लांब दोरी. दोरी कशाला म्हणून विचारलं. मिस्त्री म्हणाले, "फडकं आत कोंबलं तरी दोरी भाईर लोंबत राहती. होज बसवायला गेलं की आडवी येती." हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. दुसरा नियम असा की फळी भरल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली द्यायची नाही. पहिल्याच दिवशी एका मालकाला अर्धा तास थांबवून ठेवलं, तो चिडून निघून गेला, आणि दुसऱ्या दिवशी परत आला, कारण जवळपास दुसरं गॅरेज नव्हतं.

पोरांना मी फळीचा फोटो दाखवला. त्यावर त्याच मागच्या बाकावरच्यानं बोट वर केलं. "सर, फळीवर 24 हायत. पंचविसावं फडकं पोऱ्यानं खिशातनं काढलं तर?"

हे मी मिस्त्रींना जसंच्या तसं सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, बिडी विझवली आणि आत गेले. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा दोन्ही पोऱ्यांच्या कामाच्या पँटींचे खिसे शिवून टाकलेले होते. त्यातला धाकटा माझ्यावर चिडून होता. "सर, तुमच्यामुळं झालं हे. आता मोबाइल ठेवायचा कुठं?"